पानावर चालणारा बाप

ये गं, पाळीवर माझ्याशेजारी बस. वाट निसरडी आहे, जपून. हे नवेगावबांधचं पाणी. भोवती हे डोंगर, त्यांना इकडे सात बहिणी म्हणतात. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांध घालून हे तळं उभं केलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथल्या वाटांवरून वर्षानुवर्षं हिंडले. पण ते नंतर सांगेन. आधी तिकडे बघ, शिंगाड्याच्या वेलीवर.

दिसला? पांढरे पंख, मानेमागे सोनेरी पट्टा आणि कोयत्यासारखी वाकलेली लांब काळी शेपटी. हा कमळपक्षी. ही शेपटी फक्त विणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात. हिवाळ्यात आलीस तर ओळखणारही नाहीस.

तो पाण्यावर चालतोय ना? पण बुडत का नाही? तुझ्या दप्तराचा बंद बारीक असला की खांद्यात रुततो, रुंद असला की रुतत नाही. ओझं तेवढंच, फक्त जास्त जागेवर पसरतं. याची बोटं बघ, कोळ्याच्या पायांसारखी लांबच लांब. मुळात हा पाव किलोचाही नाही. तेवढं वजन इतक्या बोटांवर वाटलं गेलं की पान नुसतं लवतं.

आता खरी नवलाची गोष्ट. यांच्यात मादी मोठी असते. ती चार अंडी घालते, तपकिरी, चकचकीत, जणू कुणी पॉलिश केलेली. अंडी घातली की ती जाते दुसऱ्या नराकडे! अंडी उबवायची नराने. जवळपास सव्वीस दिवस.

हसू नकोस, त्याला कारण आहे. घरटं कसलं, पाण्यावर तरंगणारा पाल्याचा चोथा. पाणी चढलं, साप आला की अंडी गेली. मादी बसून राहिली नाही तर पुन्हा लवकर अंडी घालू शकते. म्हणून बसायचं काम बापाकडे. घरटं बुडायला लागलं तर तो अंडं हनुवटी आणि छातीच्या मध्ये धरतो आणि मागे मागे सरकत दुसऱ्या पानावर नेतो. हातांशिवाय, बरं का! मला तर याच्याइतका कष्टाळू बाप दुसरा ठाऊक नाही.

ऐकलंस? तो मांजरासारखं म्याऊ ओरडला. वर बघ, ब्राह्मणी घार आलीय. या कमळपक्ष्याची पिल्लं होती ना पानाच्या कडेला, तीन? आता एकही नाही. पळाली नाहीत ती. पाण्यात बुडी मारून बसलीत, फक्त चोचीचं टोक वर ठेवून श्वास घेतायत. दुर्बीण घे. त्या पिवळ्या पानाच्या डाव्या बाजूला काडीसारखं काही दिसतंय का?

हलू नकोस. घार जाऊ दे.