विश्लेषण : अर्ध्या आण्यात देशभर पत्र, मग गावापर्यंत का नाही? नागपूर, जिल्ह्यांच्या सीमा आणि टपालदराची गोष्ट

रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. वजन सारखे असेल तर देशात कुठेही दर सारखाच, हे रजिस्टर पत्राचे वैशिष्ट्य होते. स्पीड पोस्टच्या दरात मात्र अंतराचाही हिशेब असतो. अंतर न मोजता पत्राचा दर ठरवण्याची पद्धत भारतात आली १८५४ मध्ये, आणि त्याच वर्षी नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. दर सगळीकडे एक झाला, पण टपाल सगळीकडे सारखे पोहोचले का? याचे उत्तर जिल्ह्यांच्या सीमांमध्ये सापडते. ते कसे, याविषयी…

झीरो माइलवरचे ‘कवठा’ कुठे आहे?

नागपूरच्या झीरो माइल स्तंभावर आठ ठिकाणांची नावे आणि मैलांतील अंतरे कोरलेली आहेत. हैदराबाद ३१८, चांदा १२५, रायपूर १७४, जबलपूर १७०, सिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतुल १०१ आणि कवठा ६२. यातले हैदराबाद ही निजामाची राजधानी. चांदा, रायपूरपासून बैतुलपर्यंतची बाकी सहा जिल्ह्याची मुख्य ठाणी. मग या पंक्तीत कवठा कसे आले? आणि शेजारचे वर्धा का नाही?

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. त्याचे पहिले मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या गावाच्या जागी वसवलेल्या वर्धा शहरात हलवले गेले. म्हणजे कवठा जेमतेम चार वर्षे जिल्ह्याचे ठाणे होते, पण दगडावर मात्र ते राहिले. जिल्हा, त्याचे मुख्यालय आणि तिथपर्यंतचे अंतर या गोष्टी तेव्हाच्या कारभारात किती महत्त्वाच्या होत्या, याची ही खूण आहे.

१८५४ पूर्वी पत्राचा दर कसा ठरायचा?

वजन आणि अंतर या दोन्हींवर. १८३७ च्या टपाल कायद्यानुसार कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा (सुमारे ११.६६ ग्रॅम) वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया लागे. कलकत्ता ते आग्रा हाच दर १२ आणे होता. तेव्हा रुपयाचे १६ आणे होत. पैसे रोख द्यावे लागत, कारण देशभर चालणारे तिकीटच नव्हते. सिंध प्रांतात १८५२ मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले, पण ते त्या प्रांतापुरतेच होते.

नागपूर त्या वेळी भोसल्यांच्या राज्यात होते. तिसरे रघुजी भोसले यांचे ११ डिसेंबर १८५३ रोजी निधन झाले. गादीला पुरुष वारस नाही, असे कारण देऊन गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. टपालाचा नवा कायदाही याच डलहौसीच्या कारकीर्दीतला.

अर्धा आणा म्हणजे नेमके काय?

टपाल खात्याच्या चौकशीसाठी १८५० मध्ये आयोग नेमला गेला होता. ब्रिटनमध्ये रोलंड हिल यांच्या सूचनेवरून १८४० पासून एक पेनीचे टपाल सुरू झाले होते, तो अनुभव समोर होताच. त्यामागचा हिशेब सोपा होता. पत्र घेणे, त्याची वर्गवारी करणे आणि घरी नेऊन देणे यालाच खरा खर्च येतो. शेकडो पत्रे एकाच थैलीतून जातात, तेव्हा प्रत्यक्ष वाहतुकीचा एका पत्रामागचा खर्च फारच थोडा पडतो. मग अंतराप्रमाणे दर लावून कारकुनांचे काम कशाला वाढवायचे?

१ ऑक्टोबर १८५४ पासून नवे दर आणि देशभर चालणारी तिकिटे लागू झाली. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा, एक तोळ्यापर्यंत दोन आणे. अंतर कितीही असो. कलकत्ता-मुंबई हा तोळ्याचा दर रुपयावरून दोन आण्यांवर, म्हणजे एक अष्टमांशावर आला. तिकीट न लावता टाकलेल्या पत्रासाठी घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे वसूल होऊ लागले. ‘नॉटपेड’ पत्र ते हेच.

पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमहूनही थोडे कमी. आजचा छपाईचा साधा ए-४ कागद एकटाच साडेचार ते पाच ग्रॅम भरतो. त्यामुळे अर्ध्या आण्यात बसवायचे तर कागद पातळ हवा आणि मजकूर आटोपशीर. १८६९ मध्ये ही मर्यादा अर्ध्या तोळ्यावर गेली. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे जुन्या एका पैशाचे पोस्टकार्ड आले आणि लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली.

जिल्ह्यांच्या सीमा कशा बदलत गेल्या?

नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्य प्रांत तयार झाला. राजधानी नागपूर, प्रमुख चीफ कमिशनर. जिल्ह्याच्या प्रमुखाला इथे कलेक्टर नव्हे, तर डेप्युटी कमिशनर म्हणत. १८६२ मध्ये वर्धा आणि १८६७ मध्ये बालाघाट असे नवे जिल्हे झाले.

वऱ्हाडची गोष्ट वेगळी. १८५३ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या ताब्यात दिला, मालकी मात्र निजामाचीच राहिली. १९०२ च्या करारानंतर वऱ्हाड कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि १९०३ पासून त्याचा कारभार नागपूरहून चालू लागला. १९०५ मध्ये वऱ्हाडातले सहा जिल्हे चारवर आले. एलिचपूर आणि बाशीम हे जिल्हे मोडले गेले. त्याच वर्षी उडियाभाषक संबलपूर मध्य प्रांतातून बंगालकडे गेले, तर १९०६ मध्ये दुर्ग हा नवा जिल्हा झाला.

या सीमांचा टपालाशी काय संबंध?

इथेच खरी मेख आहे. त्या काळात टपालव्यवस्था एक नव्हती, दोन होत्या. पहिली सरकारी टपाल खात्याची. ती मोठी शहरे, छावण्या आणि मुख्य मार्गांवरची गावे जोडायची. दुसरी ‘जिल्हा डाक’. जिल्ह्याचे मुख्य ठाणे आणि आतल्या तहसिली, पोलीस ठाणी यांच्यात सरकारी लखोटे नेण्यासाठी ती सुरू झाली. पुढे तिच्यातून लोकांची पत्रेही जाऊ लागली.

अर्ध्या आण्याचा दर हा पहिल्या व्यवस्थेचा हिशेब होता. दुसरीचा खर्च स्थानिक पैशातून चाले. मध्य प्रांतात जमीन महसुलाबरोबर रस्ते, शाळा आणि टपाल यांसाठी उपकर घेतला जाई. महसूल सरकारात भरण्याची जबाबदारी मालगुजाराची, आणि त्याला पैसा येई तो कुळांकडून. म्हणजे ज्याने आयुष्यात एकही पत्र लिहिले नाही, त्याच्या पिकातूनही टपालाचा वाटा जात होता.

जिल्हा डाकेच्या वाटा मुख्य ठाण्यातून निघून आत जायच्या. त्यामुळे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे, हे हरकाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. सीमेवरच्या गावाला शेजारच्या जिल्ह्यातले टपाल कार्यालय जवळचे असले, तरी डाक आपल्या जिल्ह्याच्या ठाण्याकडून येणार. मुख्यालय कवठ्याहून वर्ध्याला हलले, की साहजिकच या वाटांचा मध्यबिंदूही हलणार. नकाशावरची एक रेघ बदलली, की कुणाचे पत्र लवकर आणि कुणाचे उशिरा, हेही बदलायचे.

सीमेपलीकडे कोणाचे तिकीट चालायचे?

संस्थानांची हद्द आली की प्रश्न आणखी अवघड होई. हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून होती. ती संस्थानाच्या टपालापुरती चालत, बाहेर नाही. पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाडात इंग्रजी टपाल आणि दक्षिणेला निजामाचा मुलूख, अशी स्थिती होती. गंमत म्हणजे वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच. नागपूरच्या पूर्वेला नांदगाव (आजचे राजनांदगाव) या छोट्या संस्थानानेही १८९१ मध्ये स्वतःची तिकिटे काढली. ती काही वर्षांतच बंद झाली.

१९०६ मध्ये काय बदलले?

जिल्हा डाकेचे व्यवस्थापन टप्प्याटप्प्याने टपाल खात्याकडे गेले होतेच, पण पैसा प्रांतांचा होता. १९०६ मध्ये जिल्हा डाक ही वेगळी व्यवस्थाच संपली. खर्च केंद्रीय तिजोरीवर आला आणि खेड्यांतले टपाल देशाच्या एकाच खात्याचे काम झाले. म्हणजे एकसमान दर १८५४ मध्ये आला, तरी तो दर निभावणारी एक व्यवस्था यायला आणखी ५२ वर्षे लागली. दर ठरवणे हे एका कायद्याचे काम होते. प्रत्येक गावापर्यंत माणूस पाठवायचा, तर त्याचा खर्च कुणी करायचा हे आधी ठरावे लागले.

दर मात्र स्वस्तच राहिले असे नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या तुटीत, १९२२ मध्ये पोस्टकार्ड पाव आण्यावरून अर्ध्या आण्यावर आणि पत्र अर्ध्या आण्यावरून एका आण्यावर गेले.

आज काय स्थिती आहे?

आज टपालाच्या सीमा आणि जिल्ह्यांच्या सीमा जुळतातच असे नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. गडचिरोली जिल्हा मात्र १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यामुळे गडचिरोली शहराचा पिन ४४२ ने सुरू होतो, तर त्याच जिल्ह्यातल्या आरमोरीचा ४४१ ने. १९०५ मध्ये मोडलेला बाशीम जिल्हा १९९८ मध्ये वाशीम म्हणून परत आला, पत्रे मात्र जुन्या पिनवर पोहोचत राहिली. जिल्हा बदलला म्हणून पत्र अडत नाही, हे १९०६ च्या निर्णयाचेच फळ म्हणावे लागेल.

कायदाही बदलला आहे. १८९८ च्या टपाल कायद्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली असून तो १८ जून २०२४ पासून लागू आहे. पोस्टकार्ड आणि साधे पत्र यांचा दर आजही देशभर एकच आहे. प्रश्न आहे तो पोच मिळणाऱ्या पत्राचा. न्यायालयाची नोटीस, माहिती अधिकाराचा अर्ज, नोकरीची कागदपत्रे यांसाठी लोक रजिस्टर पोस्टावर भिस्त ठेवत. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या स्पीड पोस्टच्या दरानुसार ५० ग्रॅमपर्यंत त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेर कुठेही ४७ रुपये लागतात, जीएसटी वेगळा. नागपूरहून वर्ध्याला जेवढे, तेवढेच कोलकात्याला. पाकीट ५० ग्रॅमच्या वर गेले, की २००, ५००, १०००, २००० किलोमीटर असे टप्पे सुरू होतात.

म्हणजे हलक्या पत्रासाठी १८५४ चे तत्त्व बऱ्याच अंशी टिकून आहे, जड पाकिटासाठी मैल पुन्हा मोजले जात आहेत. शिवाय ‘शहरातले’ आणि ‘बाहेरचे’ ही एक नवी सीमा आली आहे. जिल्ह्याच्या न्यायालयात किंवा कार्यालयात कागद पाठवणारा खेड्यातला माणूस या सीमेच्या नेहमी बाहेरच असतो. त्याच्या एका पाकिटामागे २८ रुपये जास्त जातात.