बारा टक्क्यांची वर्षं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या पोस्टात पीपीएफ भरायला रांग लागायची आणि त्या रांगेत आमचे वडील, अण्णा, असायचेच. पीपीएफचं व्याज धरतात ते पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर. सहा तारखेला पैसे भरले की त्या महिन्याचं व्याज बुडालं. शाळामास्तराच्या पगारातून वर्षाला तीन हजार बाजूला पडायचे, पण पाच तारीख त्यांनी कधी चुकवली नाही.

१९८६ ते जानेवारी २०००, इतकी वर्षं पीपीएफवर बारा टक्के व्याज होतं. याच काळात पोस्टात इंदिरा विकास पत्र मिळायचं, सुरुवातीला पाच वर्षांत दामदुप्पट. मग किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत दुप्पट. इंदिरा विकास पत्रावर नाव नसायचं. ज्याच्या हातात कागद, त्याचे पैसे. हरवला तर नोट हरवल्यासारखंच. आई ते कागद शेवयांच्या रिकाम्या डब्यात, लुगड्यांच्या घडीखाली ठेवायची आणि दर दिवाळीला दार लावून मोजायची. आमच्या पिढीच्या मनात ‘पैसे वाढतात’ म्हणजे काय, याचं चित्र त्या डब्यातून आलं.

वर्षाला तीन हजार, पूर्ण पंधरा वर्षं बारा टक्क्यांनी धरले तर सव्वा लाख होतात. आजच्या ७.१ टक्क्यांनी तेच एक्क्याऐंशी हजारांच्या आसपास. हा फरक ऐकला की आमच्या वयाचे लोक उसासा टाकतात. पण त्या उसाशात अर्धंच खरं आहे. १९९१ साली महागाई तेरा टक्क्यांच्या पुढे गेली होती. म्हणजे अण्णांच्या पासबुकात बारा टक्के जमा होत होते, त्या वर्षी किराण्याच्या दुकानात त्यांच्या पैशाची किंमत उलट घटली. ते आम्हाला दिसलं नाही, कारण पासबुकात व्याजाचा रकाना असतो, महागाईचा नसतो. माझ्या मते या चाळीस वर्षांतला सगळ्यात महागात पडलेला गैरसमज हाच.

मग दर उतरायला लागले. जानेवारी २००० मध्ये अकरा, पुढच्या वर्षी साडेनऊ, २००३ मध्ये आठ. त्याच सुमारास, जुलै २००१ मध्ये, युनिट ट्रस्टने यूएस-६४ ची खरेदी-विक्री थांबवली. १९६४ पासून चाललेली ही योजना लोकांच्या लेखी सरकारी ठेवच होती. प्रत्यक्षात तिच्यात शेअर होते, आणि युनिटमागे खरोखर किती रुपये आहेत हे वर्षानुवर्षं जाहीरच होत नव्हतं. भाव ठरवून दिला जायचा. निवृत्त माणसांनी मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात ठेवले होते. नाव मोठं म्हणून पैसा सुरक्षित, हा हिशोब तिथे तुटला.

आमच्या घरी तो तुटला एका पतसंस्थेत. मामांनी निवृत्तीची रक्कम तिथे ठेवली, कारण बँकेपेक्षा दोन टक्के जास्त आणि पिग्मी गोळा करायला येणारा मुलगा घरोब्यातला. एका सोमवारी शटर उघडलं नाही. पुढच्या नऊ वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी एक तृतीयांश पैसे परत आले. मामा तोपर्यंत गेले होते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. १९९३ पासून एक लाख, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे मामांना कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

शेअर बाजाराबद्दल ‘लांब पल्ल्याचा विचार करा’ असं सहज सांगतात. पल्ला किती लांब असू शकतो ते सांगत नाहीत. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरण फुटण्याच्या सुमारास, सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. त्यानंतरच्या पाच वर्षांत तोच एकवीस हजारांवर गेला आणि २००८ च्या ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली जाऊन आला. माझी दरमहा हजाराची एसआयपी तेव्हा तीन वर्षांची होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्या दिवाळीत आपली बंद केली. त्याला घराचा हप्ता भरायचा होता, त्याचा नाइलाज मी समजू शकतो. माझी चालू राहिली ती हुशारीने नव्हे. सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत वेगळा होता, म्हणून हात लावायची वेळ आली नाही. तो पैसा नसता तर मीही विकून मोकळा झालो असतो. माझ्या लेखी गुंतवणुकीची सुरुवात त्या कंटाळवाण्या मुदत ठेवीपासून होते, त्यानंतर शुद्ध मुदतीचा विमा, आणि त्यानंतरच फंड.

विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसी घेऊन पस्तावलेली घरं प्रत्येक गल्लीत आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये नियम कडक झाले, त्याआधी पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा खर्चातच जायचा. यावर एवढं पुरे.

अण्णा गेले तेव्हा पीपीएफचं पासबुक कपाटात नीट होतं. पाच तारखेच्या आत भरलेली प्रत्येक नोंद त्यात होती. नॉमिनीच्या जागी मात्र आजीचं नाव होतं. आजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. वारसाचे कागद जमवण्यात आमचे सात महिने गेले, आणि तोवर आईला स्वतःच्या नवऱ्याच्या पैशासाठी मुलाकडे हात पसरावा लागला.

आज संध्याकाळी घरातली पासबुकं, पॉलिसी आणि फंडाची खाती काढा. प्रत्येकावर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा, आणि ती यादी बायकोला किंवा नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवा.