सुहूर कीं फसली ?

गेवराई प्रांत १९४८ पर्यंत निजामी राज्यांत मोडत असल्यानें इकडील जुन्या कागदपत्रांत फारसी व मोडी या दोहोंची गांठ पडते. मूळ व तरजुमा यांचें साल जुळलें नाहीं कीं तरजुमा खोटा ठरविण्याचा मोह होतो. आमच्या मतें आधीं सन तपासावा. ‘सलास सलासीन मया व अलफ’ म्हणजे ३+३०+१००+१०००=११३३. हा सुहूर असल्यास इसवी सनासाठीं मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळवावे. फसली असल्यास ५९० व ५९१. एकच आंकडा १७३२-३३ किंवा १७२३-२४ होतो. या नऊ वर्षांच्या फरकानें हयात वतनदार मयत व अस्सल सनद बनावट ठरते. सबब सन ठरल्याशिवाय कोणताही कागद संग्रहांतून टाकूं नये.