घरच्या कॉम्प्युटरचा स्कॅन किती दिवसांनी?

कुंडल आणि आसपासच्या गावांतल्या गटांमध्ये आम्ही जातो, तेव्हा हल्ली हा प्रश्न हमखास येतो. काही घरांत स्कॅन रोज होतो, तर काही घरांत कॉम्प्युटर आणल्यापासून एकदाही नाही. गटाचा जमाखर्च, कर्जाच्या नोंदी, पोरांचे दाखले असं सगळं आता त्यातच असतं. म्हणून आज याचं सरळ उत्तर देतो.

व्हायरस म्हणजे लबाडीने आत शिरणारा प्रोग्रॅम. तो पेन ड्राइव्हमधून, ईमेलच्या फाईलमधून किंवा फुकटात उतरवलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरमधून येतो. कधी फायली लपवतो, कधी पासवर्ड चोरतो, तर कधी सगळ्या फायलींना कुलूप लावून पैसे मागतो.

विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर नावाचा राखणदार आधीपासूनच असतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आत येणारी फाईल तो दारातच तपासतो. मग स्कॅन कशाला? कारण अगदी नवा चोर त्याला ओळखू येत नाही. दोन दिवसांनी त्या चोराची ओळख यादीत येते, पण तोवर तो घरात शिरलेला असू शकतो. त्याला शोधायला सगळं घर धुंडाळणं, म्हणजे स्कॅन.

आता वेळापत्रक ऐका. आठवड्यातून एकदा क्विक स्कॅन करा. त्याला थोडाच वेळ लागतो. महिन्यातून एकदा फुल स्कॅन करा. त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. गटाच्या बैठकीचा वार धरलात तर विसरायला होणार नाही. त्यासाठी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जायचं.

काही वेळा मात्र वाराची वाट बघायची नाही. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आला, तर फाईल उघडण्याआधी त्याचा स्कॅन करा. कॉम्प्युटर अचानक मंद झाला, नको त्या जाहिराती दिसू लागल्या किंवा फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले, तर लगेच फुल स्कॅन लावा.

दुसरा अँटीव्हायरस घ्यायचा असेल तर एकच घ्या. दोन एकदम चालवले तर ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. पुण्याचा क्विक हील आपल्याच भागातल्या माणसाने उभा केला. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांचे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून ही कंपनी वाढली.

पण मैत्रिणींनो, स्कॅनपेक्षाही अपडेट महत्त्वाचं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने सुमारे दीडशे देशांतल्या कॉम्प्युटरमधल्या फायलींना कुलूप लावलं. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते वेळेवर घेतलं, त्यांची ती फट बंद झालेली होती. बचत गटाच्या पंचसूत्रीत हिशोब अद्ययावत ठेवा असं आपण म्हणतो ना, तसाच कॉम्प्युटरही अद्ययावत हवा. विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले. तुमचा कॉम्प्युटर चालत असेल तर विंडोज 11 घ्या.

कुलूप लागलेल्या फायली स्कॅनने परत येतीलच असं नाही. म्हणून महिन्याच्या बैठकीनंतर गटाच्या हिशोबाची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हमध्ये काढा आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला न लावता कपाटात ठेवा.

आणि शेवटचं. फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी मागितला, तर तिथे कुठलाच स्कॅन उपयोगाचा नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता 1930 ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

या आठवड्याच्या बैठकीत हा विषय घ्या. ज्या घरी कॉम्प्युटर आहे, तिथे जमून पहिला स्कॅन सगळ्यांनी मिळून करा.