ई-सायकलचे मडगार्ड: काढायला पाच मिनिटं, बसवायला वीस

आजचा भाग छोटा आहे, पण हातात ४ नंबरची अ‍ॅलन की घेऊन ऐकलात तर जास्त कामाला येईल.

पावसाळा आला की हमखास येणारा प्रश्न: मडगार्ड ठेवायचे की काढायचे? डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर असाल तर सरळ ठेवा. ई-सायकलवर मडगार्ड फक्त तुमचा शर्ट वाचवत नाही. पुढच्या चाकाचं पाणी उडून येतं ते थेट फ्रेमच्या खालच्या नळीवर, आणि बऱ्याच मॉडेल्सची बॅटरी तिथेच असते.

काळ्या मातीत मात्र सगळं उलटं. सोलापूर, लातूरकडच्यांना हे वेगळं सांगायला नको. ओली काळी माती टायरला चिकटते, मडगार्डखाली कोंबली जाते आणि चाक जाम होतं. साध्या सायकलवर आपण पाय थांबवतो. ई-सायकलवर लोक थ्रॉटल पिळत राहतात! चाक अडलंय, मोटरला करंट मिळतोय, मग ती सगळी ऊर्जा जाणार कुठे? उष्णतेत. मोटर आणि कंट्रोलर दोन्ही तापतात. शेतातून रोज जायचं असेल तर मडगार्ड काढलेलेच बरे.

काढताना पहिलं काम, बॅटरी बाहेर. नुसतं बटण बंद करून भागवू नका. चाक उचललेलं असताना थ्रॉटलला धक्का लागला तर ते फिरतं, आणि बोटं तिथेच असतात. सायकल उलटी करून ठेवण्याची सवयही सोडा, डिस्प्ले फरशीवर घासतो. साइड स्टँडवर किंवा भिंतीला टेकवून काम होतं.

आता मोबाइल काढा आणि प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. कुठला वायसर आत, कुठला बाहेर, हे दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. पुढचा मडगार्ड चिमट्याच्या वरच्या बोल्टला असतो आणि हेडलाइटची पट्टीही अनेकदा त्याच बोल्टवर असते. म्हणजे मडगार्ड निघाला की लाइट ढिला. तो लगेच परत कसा. मागे टेललाइटची वायर मडगार्डच्या आतून जात असेल तर आधी कनेक्टर सोडवा, ओढू नका.

सळ्या खाली ५ मिमीच्या छोट्या बोल्टने बसवलेल्या असतात. काही स्वस्त सायकलींत मागची सळी थेट एक्सलच्या नटाखाली असते. मोटर मागच्या चाकात असेल आणि सळी अशी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: घरी हात लावू नका. त्या नटाखाली एक दात असलेला वायसर असतो, तो एक्सलला जागेवर धरतो. तो चुकीचा बसला तर एक्सलच गरगरतो आणि मोटरची केबल पिळून तुटते.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. सळी काढल्यावर भोकात चिखल जाऊ नये म्हणून बोल्ट परत फिरवून ठेवणं चांगलंच. पण आता सळीची जाडी मध्ये नाही, त्यामुळे बोल्ट तेवढा आत जातो. उजवीकडे त्याचं टोक चेनला लागू शकतं, डावीकडे डिस्कला. सळीच्या जाडीइतके वायसर घाला आणि आतून डोकावून बघा.

आता बसवणं, आणि खरी भीती इथेच आहे. नोंदणी न लागणारी ई-सायकल मोटरवर २५ किमी वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. पुढची सळी सुटून चाकाच्या तारांत गेली, तर मडगार्ड गुंडाळून चिमट्यात अडकतो, पुढचं चाक जागेवर थांबतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. म्हणून पुढच्या सळीला सुटणारी सेफ्टी क्लिप असलेला मडगार्ड मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

सगळे बोल्ट आधी ढिलेच लावा. मग मडगार्ड मधोमध आणा, टायरपासून सगळीकडे बोटभर जागा ठेवा आणि त्यानंतरच एकेक कसा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये जोर लावलात की आटे गेले. अ‍ॅलन कीचं आखूड टोक धरा, म्हणजे हाताचा जोर आपोआप कमी पडतो. निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरतो. लाल घेऊ नका, तो पुढच्या वर्षी उघडणार नाही. प्लास्टिकच्या मडगार्डला भोकापाशी तडा जातो, तिथे रुंद वायसर द्या.

बॅटरी बाहेर असतानाच चाक हाताने फिरवा आणि कान द्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. पुढे शॉकर असेल तर अंगाचा भार टाकून दाबा, टायर कुठे टेकतोय का बघा. पॅडलवर बसून वळणात बूट मडगार्डला लागतो का तेही तपासा. मग बॅटरी लावा, असिस्ट १ वर ठेवा आणि सोसायटीतच एक चक्कर मारा.

आठवड्याभराच्या वापरानंतर सगळ्या बोल्टवर परत एकदा अ‍ॅलन की फिरवा. खड्ड्यांमुळे एखादा ढिला झालेला सापडतोच. पुढच्या भागात ब्रेक पॅडबद्दल बोलू. भेटू!