धान्यगुदाम-नियोजन

धान्यगुदाम-नियोजन : धान्याची आवक, साठा व उचल यांच्या नोंदींचे विश्लेषण करून आणि त्यांवरून गणितीय प्रतिमान तयार करून गुदामाची क्षमता, जागा व अंतर्गत रचना ठरविण्याची पद्धती. भारतात १९५६ च्या अधिनियमानुसार १९५७ पासून केंद्रीय व राज्य वखार महामंडळे स्थापन झाली. भारतीय अन्न महामंडळाची स्थापना १९६५ मध्ये झाली.

भंडारा या धानोत्पादक जिल्ह्याच्या उदाहरणावरून या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट होते. खरीप धानाची आवक मुख्यतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन थोड्या महिन्यांत आटोपते. उन्हाळी धान मे महिन्याच्या सुमारास येते व त्यापाठोपाठ पावसाळा सुरू होतो. आधारभूत किंमत योजनेखाली खरेदी केलेले धान भरडाईसाठी गिरण्यांकडे जाते आणि तांदूळ शिधावाटप व्यवस्थेतून वर्षभर दरमहा वाटला जातो. आवक एकदम व उचल सावकाश, ही येथील मूळ अडचण होय.

क्षमता : गुदामाची आवश्यक क्षमता एकूण आवकेवरून ठरत नाही, एकूण आवक व एकूण उचल यांतील कमाल अंतरावरून ठरते. उदा., १,२०० टन धान तीन महिन्यांत समप्रमाणात आले व पहिल्या महिन्यापासून दरमहा १०० टन उचलले गेले, तर कमाल साठा ९०० टन होतो. उचल दोन महिने लांबल्यास तोच १,१०० टनांवर जातो. म्हणजेच भरडाईतील विलंब हा गुदामाच्या टंचाईइतकाच हानिकारक असतो. खरिपाचा साठा उन्हाळी धानापूर्वी हलला नाही, तर नवे धान उघड्यावर ठेवावे लागते व अवकाळी पावसात भिजते.

जागा : जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या स्थाननिश्चितीच्या सिद्धांतात वाहतूकखर्चाला प्राधान्य आहे. शासकीय प्रमाणानुसार १०० किग्रॅ. धानापासून ६७ किग्रॅ. तांदूळ मिळणे अपेक्षित असते. त्यामुळे धानाची गुदामे व गिरण्या उत्पादनक्षेत्राजवळ, तर तांदळाची गुदामे वितरणक्षेत्राजवळ असणे सामान्यतः सोयीचे ठरते. तथापि, वैनगंगेच्या काठच्या भागात केवळ अंतर पाहून भागत नाही. ऑगस्ट २०२० अखेरच्या पुरासारख्या घटनांमधील पाण्याची पातळी नोंदवून त्यानुसार जागा व जोत्याची उंची ठरवावी लागते.

अंतर्गत रचना : डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी दूरध्वनी-संभाषणांच्या अभ्यासातून विकसित केलेला रांग-सिद्धांत वजनकाट्यालाही लागू पडतो. वाहने अनियमित अंतराने येत असून प्रत्येकास सरासरी १० मिनिटे लागत असतील, तर सर्वांत साध्या प्रतिमानानुसार काटा ८० टक्के वेळ व्यस्त असताना सरासरी प्रतीक्षा ४० मिनिटे, तर ९० टक्के व्यस्त असताना ९० मिनिटे होते. म्हणून काट्याची क्षमता सरासरी आवकेवरून न ठरविता हंगामातील गर्दीवरून ठरवितात. थप्प्यांमध्ये फवारणी, तपासणी व हमालांच्या ये-जा यांसाठी वाटा ठेवतात. तसेच आधी आलेला माल आधी बाहेर काढता येईल अशी मांडणी करतात.

प्रतिमानाचे यश नोंदींच्या अचूकतेवर अवलंबून असते. आवकेची तारीख, वजन, आर्द्रता, थप्पीचा क्रमांक व उचलीचा दिवस यांची दैनंदिन नोंद नसल्यास नवी इमारत बांधूनही पोती उघड्यावर राहण्याचा संभव असतो.