जुन्या संगणकास नवे बळ

छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकासारख्या गजबजलेल्या भागात जागेची टंचाई असते. तेथे आटोपशीर डेस्कटॉप संगणक सोयीचा ठरतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबल्याने, असा जुना संगणक टाकावा की सुधारावा, हा प्रश्न अनेकांपुढे आहे.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० व मान्यताप्राप्त प्रोसेसर आवश्यक आहे. ते नसल्यास केवळ रॅम वाढवून भागत नाही. लिनक्सचा विचार करावा. सुटे भाग परस्परांस अनुरूप हवेत. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ रॅम बसत नाही. एम.२ ची सोय नसल्यास साटा जोडणीची एसएसडी घ्यावी. ग्राफिक्स कार्ड कमी उंचीचे आणि पॉवर सप्लायला झेपणारे असावे. म्हणून आधी मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा, मगच खरेदी करावी.